सोलापूरच्या भरावाचा हिशोब कोण ठेवतंय?

सोलापुरात प्लॉटचा विषय निघाला की समोरचा माणूस ठरलेलं बोलतो, "काय काळजी करू नका मालक, खाली मुरूम लागतो." आणि बऱ्याच ठिकाणी ते खरंही आहे. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण, अशी आपली जमीन. त्यामुळं भूकंपात जमीन पाण्यासारखी पातळ होते, ज्याला लिक्विफॅक्शन म्हणतात, तो विषय इथं काढला की लोक म्हणतात हे जपानचं दुखणं, न्यूझीलंडचं, फार तर कच्छच्या रणातलं, आपला काय संबंध. माझं म्हणणं असंय की संबंध आहे. निसर्गानं दिलेल्या जमिनीशी कमी आणि आपण स्वतः त्या जमिनीत खड्डे खणून जे परत भरतोय त्याच्याशी जास्त. आणि त्या भरावात काय टाकलं, किती दाबलं, पाणी किती खोलीवर होतं, हे त्यावर राहणाऱ्या माणसाला कुठंच बघायला मिळत नाही.

आधी वाळूचं बघू, कारण तिच्यावर उगाच आळ येतो. वाळूचे दाणे एकमेकांना चिकटत नाहीत, नुसते एकमेकांवर टेकून असतात, आणि घराचं वजन एका दाण्याकडून दुसऱ्याकडं असं करत खाली जातं. दाणे सैल पडलेले असले की मधे भरपूर फटी राहतात आणि त्या फटींत पाणी भरलेलं असतं. शेंगदाण्याच्या कुटाचा डबा भरताना आपण तो दोन-चारदा ओट्यावर आपटतो आणि कूट खाली बसतं, तसं हादरे बसले की सैल वाळूलाही खाली बसायचं असतं, पण फटीत पाणी आहे आणि हादरे इतके पाठोपाठ येतात की त्या पाण्याला बाहेर पळायला वेळच मिळत नाही. मग जे वजन दाण्यांवर होतं ते पाण्यावर येतं, पाण्याचा दाब चढत जातो, दाणे एकमेकांना जेमतेम शिवतात आणि एका क्षणी टेकणंच संपतं. १९६४ च्या जूनमध्ये जपानच्या निगाता शहरात चार मजली इमारती अख्ख्या कलल्या, एक तर जवळपास आडवी झाली, आणि इमारत म्हणून त्या बऱ्यापैकी शाबूत होत्या, खालची जमीनच गेली होती. आपल्याकडं १९३४ च्या बिहारच्या भूकंपात शेताशेतांतून वाळू आणि पाण्याची कारंजी उडाली, तो पट्टा जवळपास ३०० किलोमीटर लांब होता. २००१ ला भुजच्या वेळी कांडला बंदरातला ऑफिसचा टॉवर असाच कलला.

हे सगळं वाचून माणूस म्हणतो वाळू वाईट. पण हीच वाळू घट्ट बसलेली असली तर वागणं पूर्ण उलटं होतं. घट्ट वाळूतल्या दाण्याला जागचं हलायचं तर शेजारच्या दाण्यावर चढूनच जावं लागतं, म्हणजे वाळू आकसायच्या ऐवजी फुगायला बघते, फटी मोठ्या होतात, पाणी आत ओढलं जातं, पाण्याचा दाब चढायच्या ऐवजी उतरतो आणि दाणे एकमेकांना आणखी जोरात धरतात. हे डोळ्यांनी बघायचं असेल तर पंढरपूरला जा, पाणी उतरलेलं असताना चंद्रभागेच्या वाळवंटात अगदी काठाकाठानं चाला. ओल्या, दबलेल्या वाळूवर पाय टेकला की पावलाभोवतीची वाळू क्षणभर फिकी पडते, कोरडी झाल्यासारखी. वजन पडल्यावर पाणी वर यायला पाहिजे असं आपल्याला वाटतं, ते उलट आत जातं. ऑसबर्न रेनॉल्ड्स नावाच्या शास्त्रज्ञानं १८८५ मध्ये नेमकी हीच गोष्ट समजावून सांगितली होती. भूकंपात वाळू टिकते ती मुख्यतः याच गुणामुळं.

बाकीच्या गोष्टी मदतीला असतात. हजारो वर्षं जागची न हललेली वाळू कालच्या पुरात आलेल्या वाळूपेक्षा चिवट असते, दाण्यांच्या टेकण्याच्या जागा काळानं पक्क्या होतात. चिकणमाती बऱ्यापैकी मिसळलेली असली तर ती धरून ठेवते. भरड, खडीसारखं असलं तर पाणी पटकन निघून जातं. सगळे दाणे एकाच मापाचे आणि बारीक असले तर धोका जास्त. आणि पाणीच नसेल तर हा प्रश्नच येत नाही, कोरडी वाळू खचेल, पातळ होणार नाही.

एकाच वाळूचे हे दोन स्वभाव २०११ च्या मार्चमध्ये टोकियोजवळच्या उरायासूत शेजारी शेजारी दिसले. ते शहर बरंचसं समुद्रात भराव घालून केलेलं. भूकंपात तिथल्या वसाहतींत रस्ते फाटले, घरं कलली, मॅनहोल जमिनीच्या वर आले. त्याच शहरात डिस्नेलँड आहे, त्याच्या आतल्या भागाखालची जमीन बांधायच्या आधीच वाळूचे खांब ठोकून घट्ट केलेली होती, तिथं असं काही झालं नाही, आणि ज्या पार्किंगच्या जागेखाली हे काम केलं नव्हतं तिथं मात्र वाळू-पाणी वर आलं. हादरा तोच, गाव तेच. मला या विषयात यापेक्षा जास्त पटणारा पुरावा माहीत नाही.

आणि एकदा भूकंप होऊन गेला की जमीन बसली, आता पुढं काळजी नाही, असंही काहीजण म्हणतात, ते चूक आहे. न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चला सप्टेंबर २०१० मध्ये जमीन पातळ झाली, फेब्रुवारी २०११ मध्ये त्याच वस्त्यांत परत झाली, जूनमध्ये परत. पाणी वर उसळताना वरचा थर पुन्हा सैलच करून जातं. म्हणजे आपोआप काही होत नाही, घट्ट करायचं काम माणसालाच करावं लागतं.

आता सोलापूर. भूकंपाच्या कोडमध्ये, म्हणजे आयएस १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीत, सोलापूर झोन तीनमध्ये आहे. त्याच कोडमध्ये लिहिलंय की झोन तीन, चार आणि पाचमध्ये पाच मीटर खोलीपर्यंत मातीचा सुधारित एन आकडा किमान १५ आणि दहा मीटरच्या खाली किमान २५ असावा, आणि लिक्विफॅक्शन तपासायची पद्धत सुद्धा परिशिष्टात दिलीय. म्हणजे हे कुणाच्या डोक्यातलं खूळ नाही, नियमाच्या पुस्तकातलं आहे. हा एन म्हणजे काय तर बोअरमध्ये, म्हणजे माती तपासायला घेतलेल्या छिद्रात, नळी ठोकून बघायची टेस्ट. तिपाई उभी करतात, ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटीमीटरवरून परत परत सोडतात, पहिले १५ सेंटीमीटर सोडून द्यायचे आणि पुढचे ३० सेंटीमीटर नळी आत जायला किती ठोके लागले ते मोजायचं. ऐकायला साधं आहे पण सगळं दोरी सोडणाऱ्याच्या हातावर असतं. एका साईटवर मी बघत उभा होतो, दोरी ओली होऊन चाकावर धरत होती, हातोडा निम्म्यात अडखळून खाली यायचा. म्हणजे दर ठोक्याला ताकद कमी, म्हणून ठोके जास्त, म्हणून रिपोर्टात माती आहे त्यापेक्षा घट्ट. त्या छापलेल्या आकड्यावर पुढं कुणीतरी फाउंडेशन काढणार आणि त्या घरात कुणीतरी लेकरं-बाळं घेऊन राहणार, आणि ओल्या दोरीची नोंद कुठंच नसणार. रिपोर्ट आहे एवढ्यानं भागत नाही, तो चार लोकांनी बघण्यासारखा उघडा पाहिजे असं मी म्हणतो ते यामुळं.

किल्लारी आपल्याला लांब नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, गणपती विसर्जन करून माणसं झोपलेली. सोलापुरातही लोक घाबरून रस्त्यावर आले होते, घरातल्या मोठ्यांना विचारा, अजून सांगतात. तिथं हजारो माणसं गेली ती दगड-मातीच्या रुंद भिंती आणि माळवदाच्या वजनाखाली, जमीन पातळ होऊन नाही, हे स्पष्ट सांगितलं पाहिजे. पण माझ्या मुद्द्यासाठी किल्लारीतल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. एक, तेव्हाच्या नकाशात तो भाग झोन एकमध्ये होता, म्हणजे सगळ्यात कमी धोका, आणि ६.२ चा भूकंप तिथंच झाला. दुसरी गोष्ट महिन्याची. सप्टेंबरचा शेवट म्हणजे आपल्याकडं विहिरी भरलेल्या, जमिनीतलं पाणी वर आलेलं. आपले सॉईल रिपोर्ट मात्र पुष्कळदा उन्हाळ्यात होतात, कारण बांधकामं उन्हाळ्यात सुरू होतात, आणि मे महिन्यात बोअर घेतला की 'पाणी लागलं नाही' असं लिहिलं जातं. मे महिन्याचं ते वाक्य सप्टेंबरच्या रात्री काय कामाचं? हिशोब पावसाळ्यानंतरच्या सगळ्यात वरच्या पाण्यावरच धरला पाहिजे, आणि रिपोर्टवर बोअर कुठल्या तारखेला घेतला ते ठळक दिसलं पाहिजे.

आता मूळ मुद्दा, चरांचा. शहरात ड्रेनेजसाठी, पाण्याच्या लाईनसाठी, केबलसाठी चर खणले जातात. चर काळ्या मातीतून जातो, पाइपच्या खाली-वर वाळू नाहीतर कच टाकतात आणि वरून जे निघालं ते परत लोटतात. पुढं काय होतं ते प्रत्येक सोलापूरकराला पाठ आहे, पहिल्या मोठ्या पावसात रस्त्याच्या मधोमध लांबलचक पट्टा खचतो, बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, गाडीचं चाक अडकतं, मग त्यावर मुरूम टाकतात, परत खचतो. आपण याला खराब रस्ता म्हणून शिव्या देतो आणि विसरून जातो, पण तो पट्टा सांगत असतो की आतला भराव सैल होता, इतका सैल की नुसत्या पावसाच्या पाण्यानं खाली बसला. त्यात लाईन गळकी असली तर तो भराव बारा महिने भिजलेला. आणि बाजूची काळी माती पाणी सोडत नाही. सैल, बारीक दाण्याचं, पाण्यानं भरलेलं, आणि पाण्याला पळायला वाट नाही, लिक्विफॅक्शनला लागणारी सगळी सामग्री आपण भर शहरात काळ्या मातीच्या आत रचून ठेवतोय, जिथं मुळात ती नव्हती.

हा नुसता तर्क नाही. जपानमध्ये १९९३ ला कुशिरोत आणि २००४ ला चुएत्सूच्या भूकंपात हेच झालं, आजूबाजूची मूळ जमीन जागेवर राहिली आणि चरातला भराव पातळ झाला, त्यातून ड्रेनेजचे मॅनहोल वर आले, २००४ मध्ये तर हजाराहून जास्त. त्यानंतर तिकडं चर भरायची पद्धत बदलली, दाबून भरणं, भरड खडी वापरणं, भरावात सिमेंट मिसळणं. भूकंपानंतर पाण्याची आणि सांडपाण्याची लाईन बंद पडणं म्हणजे काय हे सोलापूरला वेगळं सांगायला नको, आपण धडधाकट दिवसातही चार-चार दिवस पाण्याची वाट बघणारी माणसं आहोत. उजनीपासून शंभरावर किलोमीटर पाइप टाकून पाणी आणायचं आणि शेवटच्या बोळात सैल कचीत तो पाइप ठेवायचा, हे मला पटत नाही.

हद्दवाढ भागातले लेआउट हा दुसरा प्रकार. सखल जागा, बुजवलेला ओढा, जुनी खाण, पडीक विहीर, यांवर भराव टाकून वर सपाट प्लॉट पाडले की दोन वर्षांत गवत उगवतं आणि खाली काय आहे ते कुणालाच आठवत नाही. औष्णिक वीज प्रकल्पाची राख रस्त्याच्या आणि सखल जागेच्या भरावात वापरावी असं सरकारचं धोरणच आहे, आणि ते चांगलंच आहे, राख कुठंतरी जिरवलीच पाहिजे. पण राखेचे दाणे बारीक, हलके आणि एकमेकांना न चिकटणारे असतात, थराथरानं दाबलेली आणि पाण्याच्या वर ठेवलेली राख उत्तम भराव होते, तीच राख सैल लोटून पाण्यात बुडाली तर वाळूपेक्षा लवकर दगा देईल. साहित्य एकच, फरक कामाचा.

नदीकाठाबद्दल थोडंच बोलतो कारण तिथं घरं कमी आहेत. भीमा-सीनेच्या पात्रातून वाळू उपसली की खड्डे होतात, पुढच्या पुरात ते नव्या गाळ-वाळूनं भरतात. वरून बघितलं तर पात्र पुन्हा सपाट. पण जुनी बसलेली वाळू गेलेली असते आणि आलेली वाळू अगदी सैल, पाण्यातच पडलेली. वाळूउपशाविरुद्ध आपण पाण्यासाठी, विहिरींसाठी, पुलांसाठी बोलतो, त्यात हेही धरलं पाहिजे, निदान पंढरपूरसारख्या ठिकाणी, जिथं वारीला लाखो माणसं त्याच काठावर उभी असतात.

खर्चाचा मुद्दा लगेच येईल, की आपण काय जपान आहोत का. नाही, आणि हीच आपल्यासाठी चांगली गोष्ट आहे. सहाच्या आसपासच्या भूकंपात जोराचे हादरे थोडे असतात, काही सेकंदांचे, आठ-नऊच्या भूकंपासारखे मिनिटामिनिटांचे नसतात. म्हणजे आपल्या पट्ट्यात पातळ होईल ती सगळ्यात सैल माती. मध्यम दाबलेला भराव सुद्धा निभावून जाण्याची शक्यता चांगली आहे. जपानला वाळूचे खोल खांब ठोकावे लागतात, आपल्याला बहुतेक ठिकाणी १५-२० सेंटीमीटरचे थर, बेतानं पाणी, रोलर किंवा धुमस, आणि दर थराची घनता मोजणं, एवढं पुरेल. जुने गवंडी प्लिंथचा मुरूम भरताना पाणी मारून धुमस केल्याशिवाय पुढचा थर टाकू द्यायचे नाहीत, ओरडायचे. आता डंपर सरळ एका दमात रिकामा होतो आणि जेसीबी वरून दोनदा फिरला की काम झालं म्हणतात. जेसीबीचं चाक वरचा वीतभर दाबतं, खालच्या चार फुटांना ते कळतही नाही. थर मोजायची टेस्ट साधी आहे, छोटा खड्डा खणायचा, निघालेल्या मातीचं वजन करायचं आणि घनता माहीत असलेली कोरडी वाळू ओतून खड्ड्याचं आकारमान काढायचं, अर्धा-एक तासाचं काम. प्रयोगशाळेत तीच माती ठोकून जास्तीत जास्त जेवढी घनता मिळते, जिला प्रॉक्टर घनता म्हणतात, तिच्या ९५ टक्के भरलं की पास. घराच्या एकूण खर्चात हा खर्च नगण्य आहे, लोक यापेक्षा जास्त पैसे गेटच्या नक्षीवर घालतात.

म्हणून माझी मागणी एकच आहे, बोअरचा आणि भरावाचा प्रत्येक रिपोर्ट नकाशावर सगळ्यांना बघता आला पाहिजे. न्यूझीलंडनं क्राइस्टचर्चनंतर हेच केलं, सरकारी, खाजगी सगळ्या बोअरची माहिती एका ठिकाणी टाकायला सुरुवात केली, ती पुढं देशभराची झाली, आणि आज तिथला इंजिनिअर काम सुरू करायच्या आधी शेजारचे दहा बोअर बघून घेतो. आपल्याकडं शेजारशेजारच्या दोन प्लॉटवर दोघं वेगवेगळे पैसे देऊन तीच जमीन तपासतात, किंवा तपासतच नाहीत आणि एकाचा रिपोर्ट दुसऱ्याच्या फाईलला लागतो. नकाशावर सगळे बोअर दिसायला लागले की अशी नक्कल लगेच उघडी पडेल, कारण एकाच गल्लीत तीन ठिकाणी दशांशासकट सारखे आकडे येत नाहीत.

यावर सगळ्यात जोराचा आक्षेप मी ऐकलाय तो असा की रिपोर्ट उघडे केले तर प्लॉटचे रेट पडतील, गरीब माणसानं पोटाला चिमटा काढून घेतलेला अर्धा गुंठा कवडीमोल होईल. हा आक्षेप खोटा नाही. गुंठेवारीत घर बांधलेल्या माणसाला उद्या नकाशावर लाल ठिपका दाखवून वाऱ्यावर सोडणं हा अन्याय होईल. पण आज माहिती लपलेली आहे तेव्हाही नुकसान त्याचंच आहे, फक्त ते त्याला माहीत नाही, आणि ज्यानं सैल भराव टाकून प्लॉट विकला तो पैसे घेऊन मोकळा झालाय. उघड्या रिपोर्टानं पहिला फटका त्या विकणाऱ्याला बसेल. नीट थर देऊन, टेस्ट करून भराव घालणारा जो बिल्डर आहे, आणि असे आहेत, त्याला आज त्या मेहनतीचा एक रुपया जास्त मिळत नाही कारण गिऱ्हाइकाला फरक दिसतच नाही. जुन्या वस्त्यांसाठी खाजगी घरांचे आकडे लगेच टाकू नका हवं तर, नव्या लेआउटपासून सक्ती करा.

आणि सरकारी कामांपासून तर उद्याच सुरुवात करता येईल. गेल्या काही वर्षांत शहरात आणि जिल्ह्यात उड्डाणपूल, पाण्याच्या टाक्या, हायवे, पाइपलाइन, शाळांच्या इमारती झाल्या, त्या प्रत्येकासाठी बोअर घ्यावेच लागतात. ते पैसे आपल्या करातून गेलेत. त्या फाईली स्कॅन करायच्या, तारीख, जागा, पाण्याची पातळी आणि एन आकडे वेबसाईटवर टाकायचे, यासाठी नवा कायदा लागत नाही, आणि चर बुजवण्याच्या टेंडरात दर थराच्या टेस्टशिवाय बिल नाही ही एक ओळ घालायलाही लागत नाही.